पहिली सुरी कोणी लावायची

दुध्या संध्याकाळी फुलतो आणि लाल भोपळा पहाटे. माझी सगळी नोकरी या एका वाक्यात आली. तरी संपादकांनी एवढी पानं दिलीत म्हटल्यावर जरा पसरून सांगते. आयुष्यभर वेलींच्या संगतीत राहून ही सवय लागली आहे, जागा मिळाली की पसरायचं.

दिल्लीतल्या एका शेतकी संशोधन संस्थेत, वेलभाज्यांच्या विभागात, मी तांत्रिक सहायक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. माझ्या हातात दोऱ्याचं रीळ आणि बटर पेपरच्या पिशव्या असायच्या. काम सांगायला सोपं आहे. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी येतात आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या बुडाशी, फूल उमलण्याआधीच, बोराएवढा भोपळा तयार असतो. नर फूल नुसतंच लांब दांड्यावर उभं. नराचे पराग मादीपर्यंत पोचले तर तो बोराएवढा भोपळा वाढतो, नाही पोचले तर पिवळा पडून गळून जातो. एरवी ही ने-आण मधमाश्या करतात. पण मधमाशी कुठल्याही वेलावरून कुठल्याही वेलावर जाते, तिला जातीशी काही देणंघेणं नाही. शुद्ध बी हवं असेल तर आदल्या दिवशी दोन्ही कळ्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या. उमलायच्या वेळेला नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचा आणि फूल पुन्हा बांधून टाकायचं. लागलं लग्न. विभागात मला सगळे 'पंडिताईन', म्हणजे लग्न लावणारी भटीण, म्हणून चिडवायचे. मी हसून सोडून द्यायचे.

हसून सोडता येत नव्हतं ते वेगळंच. ही फुलं एकदाच उमलतात. भोपळ्याचं फूल उजाडता उजाडता उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते कायमचं. दुध्या आणि दोडका दिवेलागणीला उघडतात. म्हणजे हंगामात लोक उठायच्या आधी मी शेतात, आणि लोक चहाला बसले की पुन्हा शेतात. मधली दुपार मोकळी असायची, पण दिल्लीच्या उन्हात दुपारी कोण कोणाकडे जातं? मराठी मंडळाचे कार्यक्रम संध्याकाळी, आर. के. पुरममधल्या मैत्रिणींची हळदीकुंकवं संध्याकाळी, आणि मुलगी बघायला लोक यायचे तेही संध्याकाळीच. त्यातून उन्हाळी वेलांचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकच. जुन्नरहून आई फोनवर म्हणायची, चार दिवसांची रजा काढ आणि मुलगा बघून जा. मी म्हणायचे, मे संपू दे. मे संपेपर्यंत मुलाचं दुसरीकडे जमलेलं असायचं. असे बरेच मे संपले. वाईट वाटतं का, असं लोक आडून आडून विचारतात. वाटतं. रोज नाही वाटत, पण वाटतं, त्यात लपवायचं काय?

आता विभागातली एक पद्धत सांगते, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. बी काढायला पिकलेले भोपळे फोडावे लागतात. आमच्याकडे बी काढायला बायका असायच्या, कोणी बिहारच्या, कोणी राजस्थानच्या. एकीचं दुसरीशी पटायचं नाही, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत, की अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्याला सुरी कशी लावणार? मग कोणीतरी पुरुष हातात विळा घेऊन ओळीने फिरायचा, प्रत्येक भोपळ्याला एक खाच पाडायचा, आणि पुढचं काम बायका करायच्या. आमच्या जुन्नरलाही हेच होतं. मी शास्त्र शिकलेली बाई, भोपळ्याचा मुलगा-बिलगा काही नसतो हे मला चांगलं माहीत. तरी एवढ्या वर्षांत मी पहिली सुरी कधी लावली नाही. का, ते विचारू नका. मलाही ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर जुन्नरला जायचं मनात होतं. पण आई गेली आणि घर भावाचं झालं. वहिनी चांगली आहे, पण पाहुणी म्हणून आठ दिवस राहणं वेगळं. मी इथेच दिल्लीत, मुनिरक्यात, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आजूबाजूला सगळे शिकणारे विद्यार्थी. खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, आसामकडची, कसलंसं संशोधन करते. जिन्यात भेटली की ती मान हलवते, मीही हलवते. तिच्या कानात कायम ते हेडफोन. पाणी आलं का एवढं सोडून आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो.

माझी बोलायची भूक भागायची ती दिल्लीतल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे मला 'भोपळेताई' म्हणतात. कोणाच्या दुध्याला फळ धरत नाही, कोणाची कारली वाकडी येतात, सगळे फोटो माझ्याकडे. गुडगावचं एक जोडपं होतं, मूळचं पुण्याचं, दोघंही आयटीतले. उंच इमारतीत खूप वरचा मजला, बाल्कनीत दुध्याचा वेल दृष्ट लागावी असा, आणि फळ एक नाही. मी म्हटलं, अहो, इतक्या वर मधमाशी कशाला येईल, तुम्हीच फूल खुडा आणि फिरवा, संध्याकाळी सातच्या सुमाराला. नवरा म्हणाला, त्या वेळेला त्याचा अमेरिकेचा कॉल असतो, फुलाची वेळ थोडी पुढे ढकलता येईल का? अगदी गंभीरपणे विचारलं हो त्याने. मी म्हटलं, आधी अमेरिकेला विचारून बघा. शेवटी बायकोने केलं. दुध्या धरला, त्याला बाळासारखा मांडीवर घेऊन काढलेला फोटो आला, आणि त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही. असंच होतं. फळ धरलं की फोन बंद.

रेखाचा फोटो आला तो पावसाळ्यात. तळहातावर पिवळा पडलेला बोराएवढा भोपळा, आणि खाली एवढंच, 'ताई, हे असं का होतंय?'

रेखा फौजेतल्या एका हवालदाराची बायको, साताऱ्याकडची, छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहायची, दोन लहान मुलं. फोन केला तेव्हा कळलं. तिची आई आदल्या थंडीत गेली. घर आवरताना उतरंडीच्या मडक्यात फडक्यात बांधलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या, आईने दरवर्षी धरून ठेवलेल्या. गावात आता सगळे दुकानातलं पाकीट आणतात, तो भोपळा दुसऱ्या कोणाकडे नाही. निम्म्या बिया किडीने खाल्लेल्या. उरलेल्या रेखाने दिल्लीला आणून सगळ्या पेरल्या आणि त्यातून एकच वेल उगवला.

"आईच्या हातचं एवढंच राहिलंय ताई," ती म्हणाली. "ह्या वेलाला बी धरलं नाही, तर संपलं."

मी दुसऱ्या दिवशी गेले. ती मला घ्यायला फाटकापर्यंत आली होती. वेल बघितला आणि बरं वाटलं. पानं ताटाएवढी, क्वार्टरच्या मागच्या अंगणातून निघून तारेच्या कुंपणातून थेट शेजारच्या अंगणात गेलेला. मादी कळ्या होत्या. पण उमललेलं नर फूल औषधाला नाही. सगळीकडे नुसते खुडलेले दांडे. मी विचारलं, ही फुलं जातात कुठे? रेखा म्हणाली, बौदी नेतात.

बौदी म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधली बंगाली बाई. तिकडे भोपळ्याच्या फुलांची भजी फार आवडीची. बौदी रोज पहाटे फुलं खुडायची, बेसनात घोळून तळायची आणि निम्मी भजी रेखाच्या मुलांना द्यायची. आणि किती जपून खुडायची म्हणता, ज्या फुलाखाली भोपळा आहे त्याला हात लावायचा नाही, फक्त 'बेकार' फुलं घ्यायची, ज्यांना कधी फळ धरत नाही ती. मी कपाळाला हात लावला. नर फुलं सगळी कढईत गेल्यावर मधमाशी आणणार काय? मी समजावून सांगितलं तशी बौदीचा चेहरा एवढासा झाला.

"दीदी, हमने तो बच्चेवाला फूल कभी छुआ ही नहीं," ती म्हणाली.

मी म्हटलं, असू दे, सगळ्यांना असंच वाटतं. ज्याला फळ धरत नाही ते फूल बेकार, हे मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. दरवेळी मला ते थोडं लागतं. का लागतं ते तुम्हाला कळलं असेल.

त्या संध्याकाळी मी कळ्या बांधल्या आणि पहाटे रिक्षा करून पुन्हा गेले. फूल रेखाच्या हातात दिलं. मी नुसतं सांगत होते, तिनेच पाकळ्या सोलल्या, तिनेच दांडा फिरवला. बौदी भिजवलेलं बेसन घरात ठेवून आमच्याजवळ उभी. काही दिवसांनी फोटो आला, भोपळा हिरवागार आणि लिंबाएवढा. मग आंब्याएवढा. बाकीची फळं मी काढून टाकायला लावली. एवढ्या एका वेलावर एकच पोसू दे म्हटलं.

गणपतीच्या आसपास रेखाच्या नवऱ्याची बदली सीमेकडे झाली. तिकडे बायकामुलं नेता येत नाहीत, त्यामुळे रेखाला गावी जायचं होतं आणि क्वार्टर सोडायचं होतं. मी भोपळ्याला नख लावून बघितलं तर नख सहज आत गेलं. कोवळा. अशा भोपळ्यातलं बी म्हणजे नुसती टरफलं. रेखाने विचारलं, कच्चाच घेऊन जाऊ का? मी नाही म्हटलं. भोपळा कुंपणापलीकडे बौदीच्या अंगणात धरला होता, बौदीने तो सांभाळायचं कबूल केलं. पण वेलाचं मूळ रेखाच्या अंगणात, आणि क्वार्टर रिकामं झालं की रंगकामवाले आधी सगळं रान साफ करणार. मूळ तुटणार हे नक्की होतं.

भोपळ्याच्या वेलाची एक खोड मला ठाऊक होती. जिथून पान फुटतं त्या पेराला माती लागली की तो तिथेच नवी मुळं सोडतो, एका जागेवर विसंबून राहत नाही. मी बौदीच्या अंगणात खाली बसले, माती उकरली, वेल जमिनीला टेकवून पेरं दाबली, वर माती ओढली. बौदीला रोज पाणी घालायला सांगितलं. रेखा विचारत होती, लागतील ना मुळं? मी म्हटलं, लागली तर लागली. खोटा धीर द्यायची मला सवय नाही. जाताना ती मुलांना धरून उभी राहिली आणि म्हणाली, दर रविवारी फोन करीन.

तिने केला. दर रविवारी, सकाळी, मुलांना न्हाऊ घातल्यावर. आधी भोपळ्याचं, मग सासूचं, मग मुलांच्या शाळेचं. मी रविवारी सकाळी भाजीलाही बाहेर पडेनाशी झाले.

एका दुपारी बौदीचा फोन आला. रडत होती. "दीदी, काट दिया."

मी पोचले तेव्हा कुंपणापलीकडे, रेखाच्या अंगणात, सगळं सपाट झालं होतं. अलीकडे, बौदीच्या अंगणात, वेल होता, पण पानं मिटलेल्या छत्रीसारखी लोंबत होती. मुळं धरली की नाही हे ओढून बघता येत नाही, ओढलं तर असतील ती तुटतात. एकच परीक्षा होती. उन्हात चांगल्या वेलाचीही पानं माना टाकतात, पण मूळ जिवंत असेल तर ऊन उतरल्यावर परत उभी राहतात. म्हणून मी बौदीच्या पायरीवर बसून राहिले. बौदीने चहा आणला, तो तसाच निवला. आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी मी वेलांजवळ एकटी काढल्या आहेत, पण इतका जीव मुठीत धरून एकही काढली नव्हती. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. भोपळ्याजवळचं एक पान जरासं हललं असं वाटलं, म्हटलं वाऱ्याने असेल. अंधारायला आलं तोवर कुंपणाजवळची पानं तशीच मेलेली होती, आणि भोपळ्याजवळची उभी होती. बौदीने माझा हात धरला. मी उभ्या पानांचा फोटो काढून रेखाला पाठवला.

दिवाळीच्या सुमाराला देठ वाळून बुचासारखा झाला आणि सालीत नख शिरेना. बौदीच्या नवऱ्याने भोपळा स्कूटरवर घालून माझ्याकडे आणून दिला. केशरी, चपटा, फाका पडलेला, चांगला वजनदार. त्याच्याच हातात सुरी देता आली असती. मी दिली नाही. म्हटलं, थोडे दिवस मुरू दे, बी भरतं. हे खोटं नाही, विभागातही आम्ही मुरवतच होतो.

पण मुरायलाही काही सुमार असतो. भोपळा टीव्हीशेजारी टेबलावर बसला होता. सकाळी उठले की आधी त्याच्याकडे बघायचे, बाहेरून आले की त्याला सांगून पर्स ठेवायचे. हसू नका, एकटं राहून बघा. रविवारी रेखा विचारायची, काढल्या का ताई बिया? मी म्हणायचे, मुरतोय. मग एकदा म्हटलं, अगं, घरात पुरुषमाणूस नाही, पहिली सुरी कोण लावणार? ते खरं होतं आणि खरं नव्हतंही. खाली रस्त्यावर भाजीवाला उभा असतो, घरमालकाचा मुलगा आहे, कोणीही एक खाच पाडून दिली असती. मला ती पाडायची नव्हती. भोपळा होता तोवर रविवारचा फोन होता. बिया हातात पडल्या की रेखाही गुडगाववाल्यांसारखी गप्प होईल, याची मला धास्ती वाटत होती. त्या बिया म्हणजे तिची आई होती आणि मी त्या अडवून बसले होते, हे कळत होतं. कळून हात उठत नव्हता.

पुढच्या रविवारी रेखाने व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, ताई, आमचं गाव तुम्हाला माहीत नाही. घरटी एक माणूस फौजेत, गडी घरी येणार ते वर्षातून एकदा सुट्टीला. मग भोपळे काय तोवर ठेवायचे?

"आई दोन्ही हातांनी वर उचलायची आणि सोडून द्यायची," ती म्हणाली. "म्हणायची, म्या न्हाई कापला, त्यो पडला. सोडा ताई. मी हाय फोनवर."

मी फोन टेबलावर टेकवून ठेवला. भोपळा उचलला, डोक्याच्या वर नेला. सोडला. धाडकन आवाज झाला आणि पठ्ठ्या नुसताच गडगडत जाऊन पलंगाखाली शिरला. रेखा हसायला लागली, मीही. पुन्हा ओढून काढला, पुन्हा वर नेला आणि या वेळी जोर लावून सोडला. उभा फुटला. आत केशरी गर आणि बिया टचटचीत भरलेल्या. मी फरशीवर बसले ती उठता येईना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेवढ्यात कोणीतरी दार बडवायला लागलं. माझं दार कोणी बडवत नाही. सरकत सरकत जाऊन कडी काढली तर खालची आसामी मुलगी. अनवाणी, धापा टाकत, हेडफोन गळ्यात लोंबत.

"आंटी, आवाज़ आई, दो बार," ती म्हणाली. "हमें लगा आप गिर गईं. आप अकेली रहती हैं ना."

मला वाटत होतं, मी इथे राहते हेच या मुलीला माहीत नाही. मी म्हटलं, मैं नहीं गिरी बेटा, कद्दू गिरा है. ती माझ्याकडे बघत राहिली, मग फुटलेल्या भोपळ्याकडे. टेबलावरून रेखाचा आवाज आला, ताई, कोण आलंय? मी सांगितलं, खालची मुलगी, तिला वाटलं मी पडले.

"मग बसवून घ्या तिला," रेखा म्हणाली. "बिया सोडवायला हात लागत्यात."

ती बसली. रेखा फोनवरून सांगत होती, गरातून बोटं कशी घालायची, बुळबुळीतपणा कसा धुवायचा, आणि मी त्याचं हिंदी करत होते. नंतर अर्धा भोपळा त्या मुलीने नेला, उरलेल्याचे मी घारगे केले आणि थोडे बौदीला पोचवले. बिया सावलीत वाळवून कुरिअरने साताऱ्याकडे पाठवल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम फोन आतल्या खोलीत ठेवला आणि पिशवी घेऊन भाजीला निघाले. आपण वाट बघतोय असं स्वतःलाच वाटायला नको. दाराला कुलूप लावत होते तेव्हा आत वाजला. कुलूप काढून आत जाईपर्यंत वाजतच राहिला.

बिया पोचल्या होत्या. सासूला हात लावू दिला नाही म्हणाली. आता पेरायच्या कधी ते सांगा. मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. थंडी सरली की पेर, आळं मोठं कर, दुकानातल्या पाकिटाचे भोपळे जवळपास असतील तर कळ्या बांधून घे. आणि फुलांची भजी कर हवी तर, पण थोडी वेलावर राहू दे.